घरी टेबल आहे का?

“आधी बसू द्या, मंग पाहू.” महामायाबाईचं हे ठरलेलं बोलणं. भरलेल्या एसटीत, दवाखान्यातल्या बाकावर, लग्नाच्या पंगतीत, कुठंही जागा आहे का म्हणून तिनं कधी विचारलं नाही. एवढं म्हणायची आणि बसायची. मग पाहायची वेळ सहसा येतच नसे.

आमच्या गावाच्या फाट्यावर, जानेफळचा रस्ता वळतो तिथं, निंबाखाली तिचं टेबल होतं. सागाचं, तेल पिऊन पिऊन काळंभोर झालेलं. त्यावर स्टोव्ह आणि कढई. हिवरा आश्रमाकडची गाडी थांबली की आधी भज्यांचा वास गाडीत चढायचा, मग माणसं खाली उतरायची. नवरा गेल्यापासून सगळं घर त्या टेबलाच्या चार पायांवर उभं होतं.

त्या वर्षांत नववीला दोन गणितं होती. एक बीजगणित-भूमिती, दुसरं सामान्य गणित. सामान्य घेतलं की पुढं अकरावी सायन्सचं दार लागलं असं समजायचं. आमच्या शाळेत कोणाला कोणतं द्यायचं, हे मुख्याध्यापक चिंतामण सर ठरवत. मार्क पाहत नसत. जूनमध्ये वर्गाच्या दारात उभे राहून एकच प्रश्न विचारत, “घरी टेबल आहे का?” जमिनीवर बसून काढलेलं वर्तुळ जमिनीसारखंच खडबडीत येतं, असं त्यांचं पक्कं मत होतं.

तलाठ्याचा शंतनु म्हणाला, “आहे सर. त्याच्यावर टीव्ही आहे.”

“आत बस.”

त्याच्यामागं महामायाची पूनम. आठवीला गणितात पहिली आलेली. तिला इंजिनेर होऊन नदीवर पूल बांधायचा होता. टेबल फाट्यावर होतं, घरी नव्हतं, आणि पोरगी खरं बोलणारी.

“नाही सर.”

सरांनी समोरच्या खोलीकडं बोट केलं. तिथं सामान्य गणित.

पूनम घरी येऊन उपाशीच निजायला लागली.

“काऊन वं, काय झालं?”

“घरी टेबल पाह्यजे माय. नाही तं पूल नाही.”

“येवढंच?” महामाया म्हणाली, आणि त्याच संध्याकाळी टेबल घरी आलं. दिवसा फाट्यावर, संध्याकाळी घरी, असं ते तिच्या डोक्यावरून फिरू लागलं.

सर स्वतः पाहायला आले. म्हणाले, “याला खण कुठे आहे?” तिनं सुताराकडून खण बसवून घेतला. सर पुन्हा आले. म्हणाले, “उजेड डावीकडून यायला हवा. खिडकी उजवीकडे आहे.” तिनं त्यांच्यादेखत टेबल फिरवलं. सरांनी वाकून टेबलाखाली पाहिलं. तिथंही काही सापडेना.

“पण महामायाबाई,” शेवटी ते म्हणाले, “आता वर्गात बाकच उरला नाही.”

दुसऱ्या दिवशी फाट्यावर जाता जाता टेबल तिच्या डोक्यावरून शाळेत गेलं. स्टोव्ह-कढई शाळेच्या फाटकापाशी ठेवून तिनं ते बीजगणिताच्या वर्गात मागच्या भिंतीला लावलं. खोलीभर तळणाचा वास सुटला.

“मावशी, भजे कधी निघतात?” शंतनुनं विचारलं.

“तुह्यं उत्तर निंघालं की भजे निंघतात.”

चिंतामण सर आले, थबकले. “हे चालणार नाही. टेबल शाळेत आलं, म्हणजे घरी टेबल नाही. आणि घरी टेबल नसलेल्या मुलीला या वर्गात बसता येत नाही.”

महामायानं पदर खोचला.

“सर, शंतनुच्या टेबलावर टीव्ही हाय. माह्या टेबलावर पोरगी अभ्यास करते. भूमिती कोनाले शिकवता, टीव्हीले का पोरीले?”

पोरं हसली. सरांनी तोंड उघडलं.

“आधी बसू द्या, मंग पाहू,” ती म्हणाली.

पूनम टेबलाशी केव्हाच बसली होती. कंपासपेटी उघडून तिनं वहीवर वर्तुळ काढायला घेतलं होतं. सर तिच्या मागं जाऊन उभे राहिले. वाकून वर्तुळाची रेघ पाहिली. मग फळ्याकडं गेले आणि त्यांनी खडू उचलला.

महामायानं फाटकापाशी येऊन स्टोव्ह काखेत घेतला, कढई डोक्यावर पालथी घातली आणि ती फाट्याकडं निघाली. त्या दिवसापासून तिनं भजे जमिनीवर, विटा मांडून तळले, आणि गिऱ्हाइकं उकिडवी बसून खायला लागली.

पूनमनं तिला जाताना पाहिलं नाही. तिचं वर्तुळ अजून पुरं व्हायचं होतं. सरांनी पाहिलं, हातात खडू तसाच धरून. आणि सामान्य गणिताच्या खिडकीत गजांना नाकं लावून उभ्या असलेल्या पोरांनी पाहिलं.

“तुह्या घरी काय हाय बे?” एकानं विचारलं.

“बाज हाय.”

“बाज चालते का?”

निंबाआड कढई दिसेनाशी होईपर्यंत ती पोरं पाहत होती.