पाइपला ताप नव्हता

त्या हिवाळ्यात शिकागोजवळच्या नेपरव्हिलची आमची इमारत पाण्याखाली गेल्यासारखी वाटायची. काचांवर धुकं, बाहेर बर्फ, आणि घरं तापवण्यासाठी भिंतींमधून फिरणाऱ्या पाण्याची संथ गुणगुण. दिवसाउजेडीही झोपेत चालल्यासारखं व्हायचं. सगळं होतं, फक्त ऊब नव्हती.

शेजारच्या काकू म्हणजे लहान मुलांच्या निवृत्त डॉक्टर. दोन शाली आणि कानटोपी घालून सोफ्यावर बसायच्या. मुलाने फोनवर बजावलं होतं, रविवारपर्यंत हीट आली नाही तर कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला आपल्या घरी घेऊन जाणार.

"मी काय पार्सल आहे गं?" त्या मला म्हणायच्या. "माझं सगळं इथे आहे."

मला एकच गोष्ट येते, पत्रक काढणं. काढलं. 'मालक आम्हाला गोठवतोय! घरात फक्त पंधरा डिग्री!' इंग्रजीत छापून प्रत्येक दाराखालून सरकवलं. दुसऱ्या दिवशी मॅनेजरने लॉबीत ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. "पंधरा? मग नळ फुटले कसे नाहीत?" लोक हसले. मी सेल्सिअसमध्ये लिहिलं होतं, आणि इथे सगळे फॅरनहाइटमध्ये वाचतात; त्यात पंधरा म्हणजे पाण्याचा बर्फ! आपली सवयच तशी. हवा सेल्सिअसमध्ये, ताप फॅरनहाइटमध्ये. खरी गोष्ट मी स्वतःच्या हाताने खोटी ठरवली होती.

"रडतेस काय?" काकू म्हणाल्या. "चल, मला ते पाणी तापवणारा बॉयलर दाखव."

मॅनेजर आम्हाला तळघरात घेऊन गेला, बरोबर मेकॅनिकही होता. पिवळा उजेड, घरघर, उघडे पाइप. मॅनेजरने बॉयलरच्या स्क्रीनवर बोट ठेवलं. "एकशेसाठ. पाणी कढत आहे. सेन्सरही नुकताच नवा बसवलाय."

काकूंनी हातमोजा काढला. बोट टेकवून पाहिलं, मग हाताची मागची बाजू पाइपवर ठेवली आणि डोळे मिटले. हाताखाली एखादं आजारी बाळ झोपलेलं असावं, तशा.

"शंभर. फार तर एकशेएक," त्या म्हणाल्या. "कणकण आहे. ताप नाही."

मी भाषांतर केलं. मॅनेजर हसला. "यांचा हात म्हणजे थर्मामीटर का?"

"एकशेसाठ असतं तर माझा हात भाजला असता, बाबा," काकू इंग्रजीत म्हणाल्या. "तुझा ठेवून बघ."

त्याने ठेवला. हसू गेलं. मेकॅनिकने पाइपला वेगळं थर्मामीटर लावलं, एकशेएक. मग नवा सेन्सर काढून जुन्याशेजारी धरला. बाहेरून दोन्ही सारखेच, आतली जात वेगळी. त्यामुळे कोमट पाणीही यंत्राला कढत वाटायचं आणि बॉयलर लवकर बंद व्हायचा. हे तपासायला कोणालाच सुचलं नव्हतं, कारण स्क्रीन म्हणत होती ना! काचेवरच्या आकड्यावर विश्वास, आणि थंडीने कुडकुडणाऱ्या बाईवर नाही. मला अजून त्याचा संताप येतो. मालक मुद्दाम गोठवत नव्हता, हेही मात्र मला पुढच्या पत्रकात लिहावं लागलं.

शनिवारी योग्य सेन्सर बसला. रविवारी मुलाचा फोन आला तेव्हा काकूंच्या भिंतीतला पाइप तापून टक्‌ टक्‌ वाजत होता. त्यांनी फोन पाइपजवळ नेला.

"व्हॉट्स दॅट?" मुलाने विचारलं.

"पाइपला ताप चढलाय," काकू म्हणाल्या, आणि कानटोपी काढून माझ्या हातात दिली. "मला आता पेशंट सोडून येता येणार नाही."