त्याच्या वाटची तंबाखू

धाराशिवच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच माझ्याऐवजी नवऱ्याकडं पाहिलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि तोवर सगळ्या सुया मलाच टोचल्या होत्या.

"बिडीनं तुमचं बीज कमी झालंय, दुबळंही झालंय," त्या म्हणाल्या. "शिवाय घरातला धूर यांच्याही अंगात जातो, त्यानं बाईच्याही दिवस राहण्यात अडचण येते. तीन महिने एकही बिडी नको. मग पुन्हा तपासू."

नवऱ्यानं गुणी मुलासारखी मान हलवली आणि बाहेर येऊन टपरीमागं बिडी पेटवली.

घरी सासूबाई ओसरीवर वाटच बघत होत्या. शेजारणीही होत्या. "हिला गोळ्या दिल्यात," नवरा म्हणाला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण चारचौघांत नवऱ्याचं नाक कापायचं नाही, हे आम्हाला माहेरूनच शिकवून पाठवतात. दिवाळीपर्यंत दिवस गेले नाहीत तर त्याला दुसरी करायची, हे बोलणं घरात उघड चाललं होतं, आणि हा माणूस गोळ्या सांगत होता.

रविवारी सासूबाई आम्हा दोघांना घेऊन सोनारीला निघाल्या. भैरवनाथापुढं हात जोडून त्या म्हणाल्या, "देवा, हिच्या कुशीत काय खोट आसंल ती काढ."

मग मात्र माझा तोल गेला. "आत्याबाई, खोट माझ्यात न्हाय. डॉक्टरीण काय बोलल्या ते ह्यांना देवासमोर सांगू द्या."

नवरा घंटेकडं बघत पुटपुटला, "बिडी सोडा म्हनल्या. माझ्यातच कमी हाय म्हनं."

सासूबाई लेकाकडं वळल्या. मला वाटलं, आता लेकाच्या मुस्काटात बसणार. पण त्यांनी कनवटीची मिश्रीची डबी काढली. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची ती पूड त्या लग्नाआधीपासून दातांना लावत होत्या. डबी पायरीवर ठेवून त्या म्हणाल्या, "त्याच्या वाटची तंबाखू म्या सोडली, देवा. नातवंडाचं तोंड बघूस्तोवर हात लावायची न्हाय."

लेकासाठी आईनं उपास धरायचे, आईनं अनवाणी चालायचं, ही आमच्याकडची रीतच. त्यामुळं यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. नवऱ्याला तर सुटल्यासारखंच झालं. देवळाबाहेर त्यानं निवांत बिडी ओढली.

पुढं घरात बसवेना. तंबाखूविना सासूबाईंचं डोकं ठणकायचं, साध्या बोलण्यावर त्या ताट सारायच्या. मी त्यांचं कपाळ चेपायचे आणि मनात नवऱ्याला शिव्या घालायचे. तो गोठ्यामागं धूर काढत होता. दिवाळी जवळ येत चालली होती.

एका दुपारी कपाळ चेपून घेता घेता त्यांनी विचारलं, "म्या सोडली की गं. मग त्याला लागू कसं व्हईना?"

"आत्याबाई, खोट त्यांच्यात हाय. तुम्ही सोडून त्यांचं कसं सुधारंल?"

त्या उठल्या. लेकाच्या खुंटीवरच्या सदऱ्यातला बिड्यांचा कट्टा घेतला, चुलीवर तवा ठेवला आणि एकेक बिडी चुरगाळून तंबाखू तव्यावर टाकू लागल्या. घरभर जळक्या तंबाखूचा ठसका उठला. खोकत नवरा आत आला.

"आई, मिश्री भाजायलीस? नवस मोडायलीस?"

"व्हय."

"देवाला बोललेलं मोडल्यावर काय व्हतं, ठावं हाय न्हवं?"

"हाय की. मोडणाऱ्याच्या लेकराला भोगावं लागतं. मला तू एकलाच हाईस. तू बिडी वढशील तवा म्या मिश्री लावणार."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. फडकं शोधायलाही तो थांबला नाही. तापलेला तवा दोन्ही हातांनी उचलून त्यानं अंगणात भिरकावला.

मी त्याच्या भाजलेल्या हातांवर गार पाणी ओतत बसले. त्या दिवसापासून त्यानं बिडी ओढली नाही. सगळे म्हणतात, नशीबवान आहेस. असेनही. पण मला मूल व्हावं म्हणून त्याची बिडी सुटली नाही, स्वतःच्या जिवाच्या भीतीनं सुटली, हे मला अजून सलतं.