पाटीवरची तिसरी रेघ

गेल्या सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी बारामतीतल्या आमच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायच्या दुकानात जॉब कार्डं भरत बसलो होतो... आणि टेम्पोतून एक मोटार परत आली.

जॉब कार्डावरचे शब्द इंग्रजीत छापलेले आहेत. रिपेअर, रिवाइंडिंग, रिप्लेस, रिचेक, रिटर्न... आठवीत सरांनी शिकवलं होतं, शब्दाच्या आधी 'रि' लागला की 'पुन्हा'. बारावी अर्धवट सुटली, पण हे डोक्यात राहिलं. आमच्या दुकानात पहिल्यांदा करायचं असं एकही काम नाही. जळलेली तार काढायची, नवी भरायची, की पुढची मोटार.

यातला 'रिटर्न' कुणालाच नको असतो. म्हणजे आपण भरलेली मोटार गॅरंटीत जळून परत येणं. ती ज्याने भरली त्याच्या नावापुढे आमचे मालक, तात्या, भिंतीवरच्या पाटीवर खडूने रेघ मारतात. सीझनमध्ये तीन रेघा झाल्या की वाइंडिंगच्या, म्हणजे तार भरायच्या, टेबलावरून उठायचं आणि गाडीवर जायचं. गाडीवर म्हणजे गावोगाव फिरून विहिरींतून मोटारी चढवायच्या, उतरवायच्या.

माझ्या दोन झाल्या होत्या. आणि ते टेबल मिळायला मला तीन वर्षं लागली होती...

परत आलेली मोटार अंथुर्ण्याच्या सुनंदाकाकूंची, बावीस दिवसांपूर्वी मीच भरलेली. काकूंची शेडनेटमध्ये ढोबळी मिरची आहे, या उन्हात तिला पाणी चुकवून चालत नाही. मोटार उद्या दुपारपर्यंत पाहिजेच, असा निरोप होता.

शेजारच्या टेबलावरच्या गणपाने लगेच विचारलं, "काय इंजिनिअर, टेबलाला हार घालायचा का?" मी हसलो आणि पाना घेऊन मोटार खोलायला लागलो.

उघडली तर तीनपैकी दोन फेजच्या कॉइली काळ्याठिक्कर आणि तिसऱ्या फेजच्या अगदी नव्यासारख्या. आमच्या धंद्यात याचा एकच अर्थ होतो. लाइटच्या तीन फेजपैकी एक गेलेली असताना मोटार चालत राहिली, म्हणून जळली. माझं काम चांगलं होतं. तात्यांनीही बघून मान डोलावली. गॅरंटी लागू नाही, रेघ नाही, बिल काकूंना. सकाळपासून काही खाल्लं नाही, हे मला तेव्हा कळलं...

पण फेज गेली की मोटार आपोआप बंद करणारा प्रिव्हेंटर काकूंच्या स्टार्टरला आहे. त्याने मोटार बंद का केली नाही? हे बघितल्याशिवाय मला चैन पडलं नसतं. बाइक काढली आणि अंथुर्ण्याला गेलो.

स्टार्टरची पेटी उघडली. वायरचा एक तुकडा जोडून प्रिव्हेंटर बाजूला टाकलेला, मोटार डायरेक्ट. काकू बादलीने मिरचीला पाणी घालून दमल्या होत्या. हे कुणी केलं, मी विचारलं.

"आमच्या पोरानं. तूच सांगितलं व्हतंस की फोनवर."

आठवलं. आठवड्यापूर्वी तो प्रिव्हेंटर सारखा पडून मोटार बंद करत होता आणि एका दिवसात काकूंचे नऊ फोन आले होते. नवव्या वेळी मी वैतागून म्हणालो होतो, आजच्या दिवस डायरेक्ट करा, उद्या येऊन बघतो... गेलोच नाही. तारेच्या वेढ्यांचा आकडासुद्धा वहीत दोनदा लिहिणारा मी, हे मात्र कुठेच लिहून ठेवलं नव्हतं.

मी तिथेच पेटीपाशी बसलो. पाटीचं, रेघांचं सगळं काकूंना सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला आणि जा म्हणाल्या.

दुकानात पोचलो तर तात्या बिल लिहीत होते. मधल्या वेळात काकूंचा फोन येऊन गेला होता. आमच्या पोरानं आपल्या मनानं डायरेक्ट केलं, तुमच्या पोराची काही चूक नाही, बिल पूर्ण लावा... असं त्यांनी सांगितलं होतं.

साडेसहा हजार. बादल्या वाहणारी बाई माझ्या टेबलासाठी ते भरणार होती.

गप्प बसणं सोपं होतं, खरं सांगतो. दहा मिनिटं मी तारेच्या रिळाकडे बघत बसलो. मग तात्यांना म्हणालो, डायरेक्ट करायला मीच सांगितलं होतं.

तात्यांनी पेन खाली ठेवलं. "वाइंडिंग तुझं ब्येस हाय. पण रेघ मारावी लागंल."

मारा म्हणालो. त्यांनी बिल फाडलं आणि उठून रेघ मारली.

ती मोटार त्याच दिवशी पुन्हा भरली. मंगळवारी साडेबाराला विहिरीवर बसवली, प्रिव्हेंटर नवा लावला. ठिबकच्या नळ्यांतून पाणी सुरू झालं तेव्हा काकू शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "एवढं खोटं बोलले तुझ्यासाठी, ते बी वाया घालवलंस व्हय रं?"

मी स्टार्टरच्या पेटीचं झाकण लावलं.

बुधवारपासून गाडीवर आहे. मोटारी वर घ्यायची साखळी ओढून तळहात सोललेत, खांदे भरून आलेत, हे टाइप करतानासुद्धा बोट दुखतंय. पण ज्याने आपली मोटार जाळली त्याच्यासाठी एक बाई पदरमोड करायला निघाली होती, हे मनातून जात नाही. काकू, तुमचे उपकार आहेत.

आता कुणाचा फोन आला, की एकच सांगतो... मोटार बंद ठेवा, मी येतो. आणि जातो.