हिरव्या दोऱ्याची चावी

माझ्या थोरल्या बहिणीने तेवीस वर्षं एकाच बाकावर बसून चिपा तपासल्या. त्या तेवीस वर्षांत वरच्या मजल्यावर तिचं नाव कुणी घेतलं नाही. घेतलं ते एकदाच, तिला घालवायच्या दिवशी. हे आधीच सांगून टाकते, कारण गोष्ट खुलवत खुलवत सांगणं मला जमत नाही. मी कपडे शिवते. कापड हातात आलं की कात्री लावून मोकळी होते.

ताईच्या कारखान्यात बफर मेमरीच्या चिपा बनायच्या. ते काय प्रकरण असतं हे मला समजावताना ती दहादा थकली. शेवटी एक दिवस माझ्या दुकानात येऊन तिने कपडे टांगायच्या दांडीवर हात ठेवला.

"दांडी एकच आहे ना? पण तू तिचे भाग पाडलेस. इथे गणवेश, इथे कोट, इथे दुरुस्तीचे कपडे. ज्याने आधी टाकलं त्याचं आधी, पण आपापल्या भागात. गणवेशांचा ढीग झाला म्हणून दुरुस्तीवाल्याने का ताटकळायचं? आमच्या चिपेत तेच. मेमरी एक, रांगा अनेक. आत यायचं दार एक, बाहेर जायचं दार एक. फोनवरचं बोलणं एका रांगेत, चित्रं दुसरीत, पत्रं तिसरीत. आधी कुठली रांग रिकामी करायची ते बाहेरचा ठरवतो. चिपेने रांगेतला क्रम मोडायचा नाही आणि एकीचं दुसरीत जाऊ द्यायचं नाही. बस."

"आणि रांग भरली तर?"

"निशाण वर होतं. आधी 'भरत आली', मग 'भरली'. निशाण दिसलं की टाकणाऱ्याने हात आवरायचा."

"आणि नाही आवरला?"

"चांगली चिप आतच घेत नाही. वाईट चिप घेते. मग नवीन आलेलं सगळ्यात जुन्याच्या डोक्यावर जाऊन बसतं. जो सगळ्यात जास्त वेळ थांबलेला, तोच पुसला जातो."

हे सांगताना तिचा चेहरा असा झाला की जणू तिच्याच पोरावर अन्याय झालाय. ताई तशीच होती. दवाखान्यात कुणी मध्ये घुसला की आमच्या सभ्य, नाकासमोर चालणाऱ्या ताईचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू यायचा. माझा नवरा तिला 'रांगेची राणी' म्हणायचा. तिला ते आवडायचं, पण तसं दाखवायची नाही.

तिच्या शेजारच्या बाकावर एकोणीस वर्षं एक बाई बसायची. मी तिचं नाव ठेवलं होतं हळूबाई. बोलणं हळू, चालणं हळू, चहाचा कप ठेवला तरी आवाज नाही. दोघींचा डबा एक. हळूबाईची मुलगी परीक्षेच्या दिवसांत दोन महिने ताईकडे राहिली, कारण त्यांच्या घरी माणसं फार आणि खोल्या दोन. ताईने त्या मुलीला पहाटे उठवून दूध दिलंय. मला सख्ख्या बहिणीला कधी कप विसळून दिला नाही तिने.

त्या दोघींच्या बाकाखाली दोन खण होते, प्रत्येकीचा एक. खणात शिक्का. चिपांची तुकडी तपासून झाली की कागदावर तपासणारीचा शिक्का बसायचा आणि मगच माल बाहेर जायचा. त्यांच्या जुन्या प्रमुखांनी कधीकाळी एक पद्धत घालून दिली होती: आपल्या खणाची चावी आपल्याकडे ठेवायची नाही, शेजारणीकडे द्यायची. ते म्हणायचे, "माणसाला घाईत स्वतःचा शिक्का सहज सापडता कामा नये. चावी मागायला तोंड उघडावं लागलं की माणूस एकदा विचार करतो." ते प्रमुख निवृत्त झाले, बाकी सगळ्यांनी आपापल्या चाव्या परत घेतल्या. ह्या दोघींनीच ती पद्धत सांभाळली. कागदोपत्री कुठे नोंद नाही, फक्त दोघींच्या डोक्यात. हळूबाईच्या खणाची चावी ताईच्या पर्समध्ये असायची, आणि इतर चाव्यांत मिसळू नये म्हणून तिला हिरवा दोरा. दोरा माझ्या दुकानातला. गाठही मीच शिकवलेली, दोन वेढे घेऊन टोक आतून काढायचं, म्हणजे कितीही ओढा, सुटत नाही.

मग कारखान्यात नव्या चिपेचं काम आलं. पूर्वीपेक्षा रांगा जास्त, वेग जास्त आणि साहेबांची घाई त्याहून जास्त. सगळे जण रांगा क्रमाने तपासायचे. शून्य, एक, दोन, तीन. ताईचं म्हणणं, खऱ्या जगात कोण क्रमाने येतं? म्हणून ती आकडे उलटसुलट घ्यायची, आणि उलटसुलट आकडे कुठून आणायचे तर नातेवाइकांचे फोन नंबर. मामांच्या नंबराने तपासून झालं, चुलत भावाच्या नंबराने झालं. एका गुरुवारी तिने माझ्या दुकानाचा नंबर लावला. त्यात साताच्या पुढे दोन येतो.

सात नंबरची रांग त्या वेळी रिकामी होती आणि दोन नंबरची गच्च भरलेली. सातावरून दोनावर उडी मारली की चिपेच्या घड्याळाच्या पहिल्या ठोक्याला निशाण सातचंच दिसत राहायचं. म्हणजे रांग भरलेली आणि निशाण सांगतंय, या, जागा आहे. चिपही त्या ठोक्यापुरती फसायची आणि नवा शब्द, म्हणजे माहितीचा एक तुकडा, आत घ्यायची. रांगेत सगळ्यात पुढे उभा असलेला शब्द गेला. मागे खूण नाही, आवाज नाही. ताईने तीनतीनदा करून पाहिलं. दर वेळी तेच.

तिने मला दुकानात फोन केला. "अगं, तुझ्या नंबराने चोर पकडला!" एवढं खूश मी तिला तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

ही गोष्ट तिने कारखान्यात एकाच माणसाला सांगितली. कुणाला, ते सांगायला नको. "सोमवारी दोघी मिळून साहेबांकडे जाऊ," ती हळूबाईला म्हणाली. सोमवार का? कारण शुक्रवारी माझ्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया होती आणि ताईने दोन दिवस रजा टाकली होती. रजेवर जाताना तिने हिरव्या दोऱ्याची चावी हळूबाईच्या हातात ठेवली. बिचारीला दोन दिवस स्वतःचा शिक्का लागेल, तिची अडचण नको. म्हणजे दोन्ही चाव्या एकीकडे.

शनिवारी दुपारी हळूबाई मला बघायला आली. संत्री आणली होती. माझ्या उशाशी बसून तिने एक सोलली, एकेक फोड दोरे काढून माझ्या हातात दिली. मला खायची बंदी होती, तरी मी ती हातात धरून बसले, इतकी ती बाई प्रेमळ वाटत होती. निघताना तिने पर्स उघडली आणि चावी ताईच्या तळहातावर ठेवली. हिरवा दोरा मी पाहिला.

"घे बाई, तुझी ठेव तुझ्याकडे. माझ्याकडे हरवायची."

ती गेल्यावर मी ताईला म्हटलं, "अशी मैत्रीण नशिबाने मिळते." हे माझे शब्द. आता आठवले की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

सोमवारी ताई कामावर गेली तर नव्या चिपेची अख्खी तुकडी शनिवारी सकाळीच रवाना झालेली. कागदावर शिक्का ताईचा. चौकशी करायची गरजच नव्हती. तिचा खण उघडू शकणारी चावी जगात एकीकडेच होती. ताईने तिला जिन्यात गाठलं. हळूबाईने डोळ्यांना पदर लावला.

"साहेबांनी सांगितलं गं. तपासणी तुझी होती, शिक्का तुझाच लागत होता. तो दोष लाखात एकदा येणार. ग्राहकांना पत्र जाणार आहे, रांग बदलली की एक ठोका थांबा म्हणून. साहेबांनी मला शब्द दिलाय. तू आरडाओरडा केलास तर माझी बढती जाईल."

माझी बहीण वेडी आहे असं मी म्हणत नाही. तिने विश्वास ठेवला, कारण एकोणीस वर्षं ठेवत आली होती. मला हे सांगितलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी म्हटलं, "तू आत्ताच्या आत्ता वर जा आणि सांग." ती म्हणाली, "पत्र जाणार आहे म्हणते ना ती. तिच्या मुलीचं बघायचंय अजून." एवढं मात्र केलं तिने, पत्र जाईपर्यंत त्या चिपेवर शिक्का मारणार नाही असं साहेबांना तोंडावर सांगितलं. साहेब म्हणाले, ठीक, मग भट्टीवर बसा. भट्टी म्हणजे चिपा तापवून चालवून बघायचं कपाट. तिथे बसून दिवसभर तापमान लिहायचं. तेवीस वर्षांची माहीतगार बाई, आणि काम काय, तर आकडा बघ आणि लिही. हळूबाई वरच्या मजल्यावर काचेच्या खोलीत गेली. चावी ताईच्या पर्समध्ये तशीच पडून राहिली. वापरायचा प्रसंगच आला नाही.

पत्र गेलं नाही.

तीन महिन्यांनी माल परत आला. कुठल्याशा टेलिफोन केंद्रात लोकांच्या बोलण्यातले शब्द गळत होते. माणूस म्हणायचा एक, पलीकडे पोचायचं अर्धं. चौकशी बसली. लांब टेबल, चार माणसं, पाण्याचे ग्लास. हळूबाई बाजूच्या खुर्चीत. टेबलावर तो कागद आणि कागदावर ताईचा शिक्का.

ताईने सगळं नीट सांगितलं. सात आणि दोन, पहिला ठोका, माझा फोन नंबरसुद्धा. मग चाव्यांची पद्धत सांगितली. चौघांतल्या मोठ्या साहेबांनी हळूबाईकडे पाहिलं.

"असं काही होतं का?"

"नाही साहेब," हळूबाई हळूच म्हणाली. "ते जुन्या प्रमुखांच्या वेळी. आता कित्येक वर्षं ज्याची चावी त्याच्याकडे. यांच्या घरी तुकडी गेली तेव्हा आजारपण होतं, यांच्या मनावर ताण होता."

ताई मला म्हणाली, "मला राग आला नाही गं तेव्हा. उलट हायसं वाटलं. म्हटलं, बरं झालं खोटं बोलली, आता खोटं लगेच उघडं पडेल." कारण पुरावा तिच्या पर्समध्ये होता. तिने हिरव्या दोऱ्याची चावी काढून टेबलावर ठेवली. "ही यांच्या खणाची चावी. माझ्या खणाची माझ्याकडे नाही, कधीच नव्हती. खाली जाऊन लावून बघा."

सगळे खाली गेले. बाकावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. मोठ्या साहेबांनी चावी हळूबाईच्या खणाला लावली. फिरली नाही. पुन्हा लावली, काढून पुसून लावली. नाही. मग त्यांनी ती शेजारच्या खणाला लावली. खण अलगद उघडला. आत ताईचा शिक्का होता.

त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. सगळ्यांनी माना फिरवल्या, आणि ताई सांगते, हळूबाईने तर तिच्या खांद्यावर हात ठेवला. दुपारी राजीनाम्याचा कागद तयार होता. ताईने सही केली आणि डबा घेऊन सरळ माझ्या दुकानात आली. चावी त्यांनी ठेवून घेतली, पण दोरा तिने मागून घेतला. म्हणाली, दोरा माझ्या बहिणीचा आहे. कुणीतरी कात्रीने कापून तिच्या हातात दिला.

तिने तो माझ्या मशीनवर ठेवला. "माझीच काही चूक झाली असेल का गं?" ती म्हणाली. "मीच कधीतरी चुकीची चावी उचलली असेन. पर्समध्ये गुंतली असेल. घाईत तिच्याकडून अदलाबदल झाली असेल." एवढं होऊनही ती त्या बाईसाठी वाट शोधत होती.

मी दोरा उचलला. दोरा कात्रीने कापलेला, पण गाठ शाबूत होती. ती माझी गाठ नव्हती. दोन वेढे नव्हते, टोक आतून काढलेलं नव्हतं. बुटाच्या नाडीला मारतात तशी साधी गाठ, वर आणखी एक, घट्ट. माझी गाठ सहजासहजी सुटत नाही. ती सोडवायला सुई लागते, उजेड लागतो, पाच-दहा मिनिटं निवांत बसावं लागतं. मग दोरा दुसऱ्या चावीला बांधायचा, आणि ती चावी घेऊन यायचं.

मी ताईला गाठ दाखवली. ताईला जास्त सांगावं लागलं नाही. गाठ तिला माहीत होती, शनिवारही माहीत होता. त्या शनिवारनंतर चावी तिच्या पर्समधून एकदाही बाहेर निघाली नव्हती.

तिने दांडीवरच्या कपड्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे तुझ्या उशाशी बसून संत्रं सोलत होती, तेव्हा हे सगळं आधीच करून आली होती."

मी दोरा गुंडाळून बाजूला ठेवला.

"आणि मी तिला म्हटलं होतं, इतक्या लांबून आलीस, जरा बस अजून."