उद्घाटनाआधीची कबड्डी

आमच्या केंद्रातल्या सगळ्या जिल्हा परिषद शाळांची पोरं एकत्र केली, तर शहरातल्या एका कॉन्व्हेंटच्या दोन-चार बसमध्ये मावतील. क्रीडा संमेलनाला मंडप मात्र आम्ही श्रीमंताघरच्या लग्नाचा घालतो. त्या वर्षी यजमान आमची, म्हणजे मी शिकवतो ती शाळा होती.

मुलींच्या कबड्डीसाठी सात पोरी जमवू शकलेल्या शाळा दोनच, आमची आणि समुद्रपूरच्या वाटेवरची एक. जिंकेल ती तालुक्याला जाणार. उद्घाटक पाहुणे सकाळी येणार होते. दुपार कलली तरी ते ‘निघाले’ एवढंच कळत होतं. कुठून, ते कोणी विचारत नव्हतं.

दुसऱ्या शाळेच्या मॅडम केंद्रप्रमुखांकडे आल्या. “सर, आमची एसटी चारले हाये. मंग गाडी नाई.”

“उद्घाटनाशिवाय सामना नाही,” केंद्रप्रमुख म्हणाले. “तुम्ही गेलात तर यजमान संघ विजयी. नियम आहे.”

नियम आमच्या फायद्याचा असल्यानं मला त्यात खोट दिसेना. ती दिसली आमच्या कर्णधाराला. सातवीतली पोरगी, पण बोलणं घरच्या थोरल्या सुनेचं.

“सर, ह्या पोरी काऊन बसून राह्यल्या?” तिनं केंद्रप्रमुखांना विचारलं.

“उद्घाटन व्हायचंय.”

“मंग सराव करतो आमी. सरावाले नारळ लागते का?”

केंद्रप्रमुखांनी विचार केला. सरावाविषयीचं परिपत्रक त्यांना आठवलं नसावं. “करा सराव,” ते म्हणाले.

सराव म्हणून मी शिट्टी वाजवली. सराव म्हणून मॅडमनी काडीनं मातीत गुण मांडले. सराव म्हणून अख्खं गाव मैदानाभोवती उभं राहिलं आणि मंडपात पाहुण्यांचा सोफा तेवढा उरला. शेवटची चढाई आमच्या कर्णधाराची होती. मधल्या रेषेपासून वीतभर अंतरावर तिचा घोटा धरला गेला आणि तिच्यावर चार पोरी पडल्या. आम्ही एका गुणानं हरलो.

“चला पोरींनो, गाडी येईन,” मॅडम म्हणाल्या. निकालाचं त्यांनी विचारलंही नाही.

“सामना झालाच नाही,” केंद्रप्रमुख मला म्हणाले. “यजमान विजयी लिहितो.”

कर्णधार कोपराची माती झटकत होती. “नाई सर. मले पाय धरून पाडलं त्याईनं. ते का सरावात पाडलं? हरलो आमी.”

केंद्रप्रमुखांनी माझ्याकडे पाहिलं. “बरोबर बोलते ती,” मी म्हणालो. त्यांनी दुसऱ्या शाळेचं नाव लिहिलं. ते पोरींना ओरडून सांगितलं तेव्हा त्या फाट्याकडे पळत होत्या. एकीनं पळता पळता चप्पल हवेत उडवली.

एसटी गेल्यावर पाहुणे आले. शाल झाली, नारळ फुटला, भाषण झालं. मग संघांची ओळख करून घ्यायला ते मैदानात उतरले. एका बाजूला आमच्या सात पोरी, धुळीनं माखलेल्या. दुसरी बाजू मोकळी.

“दुसरी टीम कुठंय?”

“ते जिंकून गावाले गेली, साहेब,” कर्णधार म्हणाली, आणि तिनं हात पुढे केला.