पक्क्या काळ्याचं पेटंट

उत्तरा गुप्ते आमच्या खारकर आळीत सून म्हणून आली ती बी.एस्सी. होऊनच. सासरच्यांनी तिला नोकरी करू दिली, कारण रंगांवर संशोधन करणारी ती संस्था माजिवड्याच्या वाटेवर, म्हणजे घरापासून जवळ होती आणि तिथले संचालक डॉ. कारखानीस जातीतले, ओळखीचे होते.

त्या काळात नवी चंद्रकळा धुतली की बादलीतलं पाणी काळं व्हायचं आणि सोबत भिजवलेलं पोलकं कायमचं वाया जायचं. बायका नशिबाला बोल लावायच्या. उत्तराने हा काळा रंग पक्का करायचं मनावर घेतलं. संस्थेत तिच्या टेबलावर हिरड्याचे काढे आणि लोखंडाचे क्षार असत, आणि घरी बंबाशेजारी सोड्यात उकळणारे कापडाचे तुकडे. सासूबाई नाक मुरडायच्या, पण जुनी लुगडी फाडून तुकडे त्याच द्यायच्या. दिवस गेले तेव्हा त्या वासाने तिला ओकाऱ्या होत. तोंड धुऊन ती पुन्हा टेबलाशी उभी राही. सातव्या महिन्यात रंग धरला. कितीही उकळा, पाणी स्वच्छ. मग ती बाळंतपणाच्या रजेवर गेली.

पेटंट मिळाल्याची बातमी तिला रजेवरून परतल्यावर कळली, ती नवऱ्याने, वसंतरावांनी, चहा पिता पिता वर्तमानपत्रातून वाचून दाखवली तेव्हा. नाव एकच होतं, डॉ. कारखानीसांचं. दुसऱ्या दिवशी ती त्यांना विचारायला गेली.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "उत्तराबाई, आपल्याकडे तसा नियम असता तर तुमचं नाव घातलं असतं. नियमच नाही, तर कुणाकुणाचं घालू?"

ती बरं म्हणाली आणि आपल्या टेबलाशी गेली.

पुढे ती कधी त्यावर बोलली नाही. दर संक्रांतीला डॉक्टरांच्या पत्नी मालनताई यांच्याकडे हळदीकुंकवाला जायची, हसून वाण घ्यायची आणि परतताना पहिली दिसेल त्या भाजीवालीला देऊन टाकायची. घरात येऊ द्यायची नाही. मुंबईहून एका गिरणीचं चांगलं बोलावणं आलं, तेही तिने नाकारलं. मी कारण विचारलं तर म्हणाली, मी गेले तर ते मला महिन्याभरात विसरतील.

पंचावन्न साली संस्थेला सरकारी अनुदान मिळायचं होतं. अट अशी की, संस्थेत लागलेल्या शोधावर मालकी कुणाची याचे नियम आधी करा. नेमका त्याच सुमारास महिपत नावाचा एक हुशार मदतनीस हळदीच्या पिवळ्या रंगाची आपली रीत घेऊन कल्याणच्या एका कापड रंगवणाऱ्या रंगशाळेत गेला. डॉक्टर भडकले. महिपत सापडलाच पाहिजे, म्हणून नियम संस्थेच्या स्थापनेपासून लागू करायचं त्यांनी ठरवलं. मसुदा उत्तराकडे दिला. तिचं इंग्रजी चांगलं होतं आणि ती वाद घालत नसे.

तिने लिहिलं की संस्थेची खोली, गॅस आणि काचसामान वापरून जो कोणी काम करील, मग तो पगारी असो वा मानद, त्याचा शोध संस्थेचा.

डॉक्टर पगार घेत नसत, मानधन घेत, आणि याचा त्यांना अभिमान होता. मानद हा शब्द वाचून त्यांना बिनपगारी विद्यार्थी आठवले. "छान. आता कुणी सुटायचं नाही," असं म्हणून त्यांनी सही केली आणि तिच्यासाठी चहा मागवला.

विश्वस्तांनी नियम मंजूर केले. पुढच्या बैठकीत तिने उभं राहून विनंती केली की नियमाप्रमाणे दोन शोध संस्थेच्या नावावर करून घ्यावेत, महिपतचा पिवळा आणि डॉक्टरांचा काळा. डॉक्टर हसले. अध्यक्ष निवृत्त मुन्सफ होते, ते हसले नाहीत. त्यांनी नियम पुन्हा वाचला आणि म्हणाले की मसुदा बाईंचा आहे. जुनी प्रकरणं यात धरायची नव्हती असं त्या म्हणाल्या तर आम्ही विचार करू. तिला पुढच्या बैठकीपर्यंत मुदत मिळाली.

चार दिवसांनी दुपारी मालनताई आल्या. घरावर मजला चढत होता, मुलीचं लग्न वैशाखात ठरलं होतं, आणि हे दोन्ही खर्च काळ्याच्या पेटंटच्या उत्पन्नावर चालले होते. डॉक्टरांचा निरोप होता की उत्तराने तेवढं एक वाक्य बोलावं. पेटंटवर ते तिचं नाव जोडून घेतील, निम्मा हिस्साही देतील. आतल्या खोलीतून वसंतराव बाहेर येऊन उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर होकार होता.

"नाव हवं होतं तेव्हा मी मागितलं होतं," उत्तरा म्हणाली. "आता मला त्यांचं नाव पुसलेलं बघायचंय."

"अगं, मग तुझं तरी कुठे लागणार आहे?" मालनताई म्हणाल्या.

"नाही लागणार. चालेल मला."

मालनताईंचे डोळे भरले. "तुझ्या बाळंतपणात मी डिंकाचे लाडू घेऊन आले होते गं."

"आला होतात. चांगले झाले होते लाडू. पेटंटचा अर्ज त्याच आठवड्यात गेला, मालनताई. तारीख पाहिली आहे मी."

मालनताईंना हे ठाऊक नव्हतं, हे त्यांच्याकडे पाहूनच कळत होतं. उत्तराने ते पाहिलं. तरी तिने उठून कुंकवाचा करंडा आणला, त्यांना कुंकू लावलं आणि दारापर्यंत पोचवलं.

बैठकीत ती म्हणाली, नियम सगळ्यांना. दोन्ही शोध संस्थेचे झाले. रंगशाळेने महिपतला ठेवला होता तो त्या पिवळ्यासाठीच. त्याची नोकरी गेली. तो आळीत येऊन तिच्या ओट्यावर बराच वेळ बसला. तिने त्याला पाणी दिलं आणि म्हणाली, "तू मध्ये सापडलास रे."

डॉक्टरांनी राजीनामा दिला तो गुरुवार होता. उत्तरा बाजारातून सुक्या कोळंबीचे सोडे घेऊन आली. वार पाहून सासूबाई कुरकुरल्या, पण तिने खिचडी शिजवलीच. वसंतराव जेवले आणि तिच्याकडे न बघता हात धुवायला गेले. तिने पातेलं जवळ ओढलं आणि आपल्या ताटात पुन्हा वाढून घेतलं.