दाभोशाचा चढ, मोटर लावून

मी मुळात तिरसट. जव्हारला झेरॉक्सचं दुकान चालवतो आणि मशीनमध्ये कागद अडकला की गिऱ्हाइकावर ओरडतो. लग्न केलं नाही. केलं असतं तरी ती बाई वर्षभरात माहेरी पळाली असती. पण रविवारी सकाळी डोंगरातली सायकल बाहेर काढली की मी जरा बरा माणूस व्हायचो. एकटाच जायचो. कधी जामसरकडे, कधी पार खोडाळ्यापर्यंत, आणि सगळ्यात जास्त दाभोशाच्या धबधब्याकडं. नदीपर्यंत उतरायचं आणि दगडधोंड्यांच्या पायवाटेनं वर पाड्यापर्यंत चढायचं. त्या चढानं मला कितीदा रडवलं, तरी पुढच्या रविवारी मी हजर.

मग हृदयाला सूज आली. साधा ताप म्हणून अंगावर काढला, तो असा बोकांडी बसला. दोन पावसाळे खाटेवर गेले. संडासला जाऊन आलो तरी धाप लागायची. सुरुवातीला लोक शहाळी घेऊन यायचे, नंतर नुसते फोन करायचे, नंतर फोनही थांबले. माझ्या दुकानापासून चार पावलांवर दुसरं झेरॉक्स निघालं, गिऱ्हाइकं तिकडं गेली. त्यांचं काय अडलंय म्हणा! पण छताकडं बघत पडलं की एकच किडा डोकं पोखरायचा. उद्या मी नसलो तर नक्की कुणाला चुकल्यासारखं वाटेल? एकेक चेहरा आठवून बघायचो. एकही ठामपणे पुढं येईना. त्याची मला लाज वाटायची, आजारापेक्षाही जास्त.

डॉक्टरांनी अखेर सायकलला हो म्हटलं, पण धाप लागेल असं काही करायचं नाही, या अटीवर. मी म्हटलं, मग तिला सायकल कशाला म्हणायचं, पाळणा म्हणा! धाकट्या भावानं नाशिकहून टेम्पोत घालून बॅटरीवरची माउंटन बाइक पाठवून दिली. स्वतः आला नाही. "दादा, सुट्टीच मिळत नाही रे," म्हणाला. सायकलला मिळाली, म्हटलं, हे काय कमी आहे.

गाडी मात्र झकास निघाली. पायडल मारलं की मोटर मागून जोर देते. लहानपणी सायकल शिकवताना कुणी कॅरिअर धरून पळायचं ना, तसं. पाय थांबले की तीही थांबते. पहिल्या रविवारी दाभोशाच्या चढाला लागलो आणि खरं सांगतो, हसूच फुटलं. जिथं पूर्वी जीव जायचा तिथं मी शीळ घालत होतो.

हसू वरपर्यंत टिकलं नाही. चढ संपतो तिथं पाड्यातलं पहिलं घर एका म्हातारीचं. पूर्वी मी तिच्या अंगणाशी पोचायचो तो जीभ बाहेर काढूनच. ती बसल्या जागेवरून म्हणायची, "तुला घरी काय काम नाय का रं? हे लोखंड ढकलाया येतोस!" आणि तांब्या पुढं करायची. मी पाणी प्यायचो, तिच्या कोंबड्यांना नावं ठेवायचो, ती माझ्या पोटाला. एकमेकांचं नाव कधी विचारलं नाही. मी तिला आजी म्हणायचो, ती मला सायकलवाला. माझ्या आठवड्यातलं तेवढंच बोलणं असं होतं, की ज्यात झेरॉक्सचा विषय नसायचा.

आता मोटरनं मला त्या अंगणावरून असं सुर्रकन पुढं नेलं, की कुणी मान वर करेपर्यंत मी वळणापलीकडं. नागलीची कणसं झोडणाऱ्या एकानं हेल्मेट बघितलं आणि धबधब्यावर चाललेला पर्यटक समजून परत खाली बघितलं. बरोबरच आहे. धापा न टाकणाऱ्या माणसाला कोण कशाला पाणी विचारील!

पुढचे काही रविवार असंच झालं. ब्रेक माझ्याच हातात होते, हे मलाही कळत होतं. पण थांबून सांगणार काय? "आजी, मी आलो"? आणि तिनं "कोण रं तू?" विचारलं तर? छताकडं बघून जे वाटायचं ते मग खरंच ठरलं असतं. म्हणून मान खाली घालून पायडल मारायचो आणि घरी येऊन दिवसभर कुणाशी बोलायचो नाही. तसंही कोण होतं बोलायला.

दिवाळी झाल्यावरच्या एका रविवारी माझा मलाच वैताग आला. शेवटच्या वळणाशी उतरलो, मोटर बंद केली आणि सायकल हातानं लोटत निघालो. ही गाडी भलती जड. अंगणापर्यंत पोचलो तोवर छाती धडधडायला लागली होती. ती धडधड आजाराची की भीतीची, देव जाणे.

म्हातारी अंगणात नागली पसरत होती. मी हेल्मेट काढलं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि हातातलं सूप तसंच सोडलं. पुढं आली नाही. आधी तिनं माझ्या पायांकडं बघितलं, नीट, दोन्ही. मग आत बघून ओरडली, "अगं ये बाहेर! याचे पाय सरळ हायेत! हा मेला नाय!"

"मी मेलो असं कुणी सांगितलं?" मी चिडूनच विचारलं.

"कोणी कशाला सांगाया पायजे? दोन पावसाळे आला नाय. दर आईतवारी येणारा माणूस येत नाय, म्हंजे काय?"

सून बाहेर आली. ठाण्याला बांधकामावर राहून आलेली, तिला हसू आवरेना. "भाऊ, आई तर तुमचा घास टाकते पितरांना!" भादव्यात पितरांच्या दिवशी घरातल्या गेलेल्यांच्या नावानं पानावर भात-काकडी वाढून छपरावर ठेवायची, ही त्यांची रीत. म्हातारीच्या नवऱ्याचा एक घास, लहानपणी गेलेल्या लेकाचा एक, आणि शेवटचा सायकलवाल्याचा. गेल्या भादव्यात टाकला होता, आणि यंदाही.

"माझा का टाकलात, आजी?"

"एकटाच यायचास," ती म्हणाली. "मागं कोण हाय का नाय, काय ठावं. तुझा कोणी टाकला नसता तर?"

मी मटकन तिच्या ओट्यावर बसलो आणि रडलो. चारचौघांत रडायचं नसतं वगैरे सगळं माहीत असून, हुंदके देऊन रडलो. म्हातारी गोंधळली. "रडतो काय? कावळा दोन्ही येळेला लगेच शिवला तुझ्या घासाला. आमी म्हटला, सुखात हाय."

"सुखात नव्हतो, आजी," मी म्हटलं. "घरातच पडून होतो. फार एकटा होतो."

"मग कोणाकडं निरोप धाडायचा ना रं!" ती माझ्यावरच उखडली. "आमी उगाच दोन वर्सां रडलो."